अर्थ कोणत्या सालातला?

मैत्रिणीची मुलगी सातवीपर्यंत नागपूरच्या मराठी शाळेत होती. वडिलांची बदली भोपाळला झाली आणि आठवीत तिच्या हातात विज्ञानाचे हिंदी पुस्तक आले. पहिल्याच चाचणीत प्रश्न होता, ‘जल के एक अणु में कितने परमाणु होते हैं?’ तिने लिहिले, पाण्याचा अणू नसतो, रेणू असतो. गुण गेले. संध्याकाळी तिचा फोन आला, ‘मावशी, खरा अणू कुठला? आपला की त्यांचा?’

मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. आपली अणुऊर्जा मध्य प्रदेशाची हद्द ओलांडली की परमाणु ऊर्जा होते. दोन्ही शब्द संस्कृतातले, दोन्ही विचार करून ठरवलेले, दोन्ही आपापल्या वर्गात बरोबर. एवढे सांगितल्यावर तिचे गुण का गेले ते तिला कळले, पण समाधान झाले नाही. तिला ‘खरा’ अणू हवा होता.

हा हट्ट मोठी माणसेही धरतात. व्याख्यानांत, अग्रलेखांत, घरच्या वादांत कुणीतरी एखाद्या शब्दाचे मूळ काढतो आणि म्हणतो, ‘याचा खरा अर्थ असा आहे.’ समोरचा गप्प होतो. याच्या अगदी उलट चूकही तितकीच चालते. आजचा अर्थ उचलून दोन हजार वर्षांपूर्वीच्या शब्दात भरायचा आणि म्हणायचे, ‘बघा, त्यांना हे तेव्हाच ठाऊक होते.’ जमिनीच्या व्यवहारात आपण असे कधी वागत नाही. सातबारा हातात घेतला की फेरफार बघतो. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, कोणत्या साली गेली, हे पाहिल्याशिवाय कुणी विसार देत नाही. शब्दाच्या बाबतीतही तेवढीच सावधगिरी हवी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. अर्थ सांगणाऱ्याने त्या अर्थाचे सालही सांगितले पाहिजे. ग्रीकमधून आलेल्या शास्त्रीय आणि तात्त्विक शब्दांकडे पाहिले की याची गरज चांगली कळते, कारण त्यांचे फेरफार बऱ्यापैकी नोंदलेले आहेत.

अणूपासूनच सुरुवात करू. ग्रीक ‘ॲटोमॉस’ म्हणजे न कापता येणारा. त्यातला नकाराचा ‘अ’ आणि आपल्या अमर, अखंड यांतला ‘अ’ एकाच कुळातले. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ल्युसिपस आणि अब्डेरा गावचा डेमॉक्रिटस यांनी हा शब्द तत्त्वज्ञानात आणला, आणि तो प्रयोगातून आला नव्हता. पार्मेनिडीस या तत्त्वज्ञाने पेच टाकला होता. जे आहे ते ‘नाही’तून येऊ शकत नाही, तेव्हा बदल हा भासच. डेमॉक्रिटसचे उत्तर असे, की मूळ कण कधीच बदलत नाहीत, बदलते ती त्यांची मांडणी. ॲरिस्टॉटलने हे समजावताना अक्षरांचा दाखला दिला आहे. आपल्याकडे ‘रस’ आणि ‘सर’ घ्या. अक्षरे तीच, नुसता क्रम फिरला आणि वस्तू वेगळी झाली. डेमॉक्रिटसच्या कणांना आकार आहे, पण चव नाही, वास नाही, रंग नाही. गोड-कडू हे आपल्या बाजूचे, खरे तर कण आणि पोकळी, असे तो सांगतो.

आता कणादांचा परमाणू पाहा. त्यांच्या वैशेषिक दर्शनात पृथ्वीच्या परमाणूला गंध आहे, पाण्याच्या परमाणूला रस म्हणजे चव आहे, तेजाच्या परमाणूला रूप म्हणजे रंग आहे. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. आणि हे त्र्यणुक म्हणजे काय, तर खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसणारा धुळीचा कण. कौलारू घरात वाढलेल्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. दुपारी कौलाच्या फटीतून कवडसा जमिनीवर पडतो, त्या उजेडाच्या दांडीत धूळ वर-खाली होत असते आणि दांडीच्या बाहेर काहीच दिसत नाही. ॲरिस्टॉटल डेमॉक्रिटसच्या मताविषयी लिहितो तेव्हा त्यानेही हेच कवडशातले कण पुढे केले आहेत. दोन्हीकडच्या माणसांनी घरात बसून एकच दृश्य पाहिले आणि त्यातून दोन वेगळ्या गोष्टी उभ्या केल्या. एकाच्या कणाला वास आहे, दुसऱ्याच्या कणाला वास असूच शकत नाही. मला यातला फरकच साम्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने 1808 मध्ये आपले पुस्तक छापले तेव्हा त्याचा प्रश्न या दोघांपेक्षा निराळा होता. हायड्रोजनचे वजन एक धरले तर ऑक्सिजनचे किती? त्याचा ॲटम तराजूतून आलेला आहे. शब्द जुना घेतला, काम नवे दिले. 1873 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल व्याख्यानात सांगत होता की ॲटम म्हणजे ज्याचे दोन तुकडे करता येत नाहीत तो. 1897 मध्ये जे. जे. थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला, 1911 मध्ये रदरफर्डने मध्यभागी गाभा असल्याचे दाखवले, 1932 मध्ये कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमचा गाभाच फोडला. शब्दाच्या पोटातला मूळ अर्थ मोडून पडला, तरी शब्द कुणी बदलला नाही, कारण शंभर वर्षांचे रसायनशास्त्र त्यावर उभे होते. तारापूरच्या अणुभट्टीतून 1969 पासून आलेली वीज ही न फुटणाऱ्याला फोडून मिळालेली वीज आहे. तरीही ‘अणुवीज’ म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही, आणि अडखळायचे कारणही नाही.

मग ‘कणादांनी अणुविज्ञान सांगितले’ या वाक्याचे काय करायचे? युरोपातली कितीतरी पाठ्यपुस्तके अणूचा धडा डेमॉक्रिटसपासून सुरू करतात आणि मधली दोन हजार वर्षे एका ओळीत ओलांडतात, तीही याच वाक्याची दुसरी बाजू आहे. आपल्याकडे त्यात एक वळण जास्त आहे. ॲटमला प्रतिशब्द हवा होता, तेव्हा आपल्या आधीच्या अभ्यासकांनी आदराने दर्शनांतला शब्द उचलला. पुढच्या पिढीने तो विज्ञानाच्या पुस्तकात पाहिला आणि म्हटले, बघा, हे आधीपासून आपल्याकडे होतेच. आपणच देव्हाऱ्यात बसवलेली मूर्ती स्वयंभू म्हणून सांगावी, तसे हे झाले. यात डाल्टनचे काहीच बिघडत नाही. नुकसान होते कणादांचे आणि त्यांच्या परंपरेचे. ज्याला भागच नाहीत असा कण दुसऱ्याला चिकटतो कुठल्या बाजूने? बौद्ध आचार्य वसुबंधूंनी विचारले होते, की सहा बाजूंनी सहा कण येऊन भिडले तर मधल्या कणाला सहा भाग आहेत असेच म्हणावे लागेल. हा प्रश्न धारदार आहे, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. ‘कणादांना ॲटम ठाऊक होता’ म्हटले की तो सगळा वाद एका शाबासकीत बुडून जातो. ज्यांनी आयुष्य घालून विचार केला त्यांचा विचार तरी आपण त्यांच्या नावावर राहू द्यावा.

ऊर्जेची गोष्ट मला याहून विलक्षण वाटते. ‘एनर्गेइया’ हा शब्द ॲरिस्टॉटलने घडवला. ‘एर्गॉन’ म्हणजे काम, त्यावरून कामात असणे, प्रत्यक्षात असणे. त्याचा जोडीदार शब्द ‘ड्युनामिस’, म्हणजे अंगी असलेली पण अजून प्रकट न झालेली क्षमता. उदाहरणे तो घरगुती देतो. डोळे मिटून बसलेल्याकडे दृष्टी आहे ती ड्युनामिस, पाहणाऱ्याची ती एनर्गेइया. झोपलेला आणि जागा. लाकडाच्या ओंडक्यातला हर्मिस देव आणि कोरून बाहेर आलेला हर्मिस. म्हणजे एनर्गेइया ही ड्युनामिसच्या विरुद्ध टोकाला आहे. एक आहे तिथे दुसरी नाही.

1807 मध्ये थॉमस यंगने छापील व्याख्यानांत हा शब्द धावत्या वस्तूच्या वस्तुमान आणि वेगाच्या वर्गाच्या गुणाकारासाठी वापरला. 1853 मध्ये स्कॉटिश अभियंता रँकिनने ‘पोटेन्शियल एनर्जी’ असा जोडशब्द केला. पोटेन्शियल म्हणजे लॅटिन वेशातली ड्युनामिसच. ॲरिस्टॉटलच्या कानाने ऐकले तर हा शब्द ‘झोपलेली जाग’ असा ऐकू येईल. तरीही नववीतले लाखो विद्यार्थी धरणात अडवलेल्या पाण्याची स्थितिज ऊर्जा काढतात आणि उत्तर बरोबर येते. रँकिनचे काही चुकले नव्हते. शब्दाचा मालक बदलला होता, आणि फेरफार रीतसर झाला होता.

रीतसर न झालेला फेरफार मात्र आपल्या आजूबाजूला रोज चालतो. ‘या वास्तूत नकारात्मक ऊर्जा आहे’, ‘या पाण्यात सकारात्मक ऊर्जा भरली आहे’, असे सांगून वस्तू विकल्या जातात. ऊर्जा हा संस्कृत शब्द बळ, पोषण, अन्नातला कस या अर्थाने फार जुना आहे, आणि त्या अर्थाने कुणी ‘देवळात गेलं की ऊर्जा मिळते’ म्हटले तर माझी हरकत नाही. ते माणसाच्या मनाविषयीचे वाक्य आहे आणि खरे असू शकते. पण विकणारा त्या जुन्या अर्थाने बोलत नसतो. त्याला 1853 नंतरच्या ऊर्जेची, ज्यूलमध्ये मोजता येणाऱ्या ऊर्जेची पत हवी असते, मोजणी मात्र नको असते. माझ्या ओळखीच्या एका घरात आजारी आजींसाठी असे ‘ऊर्जा देणारे’ लॉकेट आणले गेले आणि त्या विश्वासावर तपासणी पुढे ढकलली गेली. त्या घरातले सगळे शिकलेले होते. ऊर्जा हा शब्द त्यांनी शाळेत गुणांसाठी शिकला होता, पण त्याची सीमा कुठे संपते हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. याचा दोष मी शिकवण्याच्या पद्धतीला देईन, त्यांना नाही.

आता एक असा शब्द, जो ग्रीक आहे हे आपल्या गावीही नसते. शेतकरी बैलाला टोचायला टोकाला लोखंडी आर लावलेली काठी वापरतो, तिला पराणी म्हणतात. ग्रीकमध्ये तिला ‘केन्ट्रॉन’. टोचण्याच्या क्रियेवरून आलेला शब्द. गांधीलमाशीची नांगीही केन्ट्रॉनच. वर्तुळ काढताना एक टोक रोवून ठेवायचे, म्हणून ते टोक जिथे टोचले तो बिंदूही केन्ट्रॉन झाला, आणि युक्लिडने वर्तुळमध्यासाठी तोच शब्द वापरला. पुढे ज्योतिषात कुंडलीतल्या चार मुख्य स्थानांना तेच नाव पडले. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीक ज्योतिष भारतात आले तेव्हा त्यासोबत हा शब्द संस्कृतात शिरला तो ‘केंद्र’ होऊन. कुंडलीत पहिले, चौथे, सातवे आणि दहावे घर ही केंद्रस्थाने, हे आजही ज्योतिषी सांगतात. खगोलगणिताच्या सिद्धांतग्रंथांत ग्रहगणितातल्या कोनालाही केंद्र म्हणतात. आणि आज? मतदान केंद्र, परीक्षा केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, केंद्र आणि राज्य. पुन्हा गंमत अशी की अणूच्या न्यूक्लिअसला आपण ‘केंद्रक’ म्हणतो. इंग्रजीतला न्यूक्लिअस लॅटिन, बाहेरचा ॲटम ग्रीक. आपल्याकडे बाहेरचा अणू संस्कृत, आणि आतला केंद्रक ग्रीक.

हाच शब्द मराठीत भाषांतराच्या वाटेनेही आला आहे. बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाला ऐकू येते, की केन्ट्रॉनवर लाथा मारणे तुला जड जाईल. मराठी बायबलात तिथे ‘पराणीवर लाथ मारणे’ असे आहे. भाषांतर करणाऱ्याने शेतातला शब्द अचूक उचलला. एकाच ग्रीक शब्दाचे भाषांतर आपल्याकडे बैलामागे चालते आणि त्याचा वंशज दिल्लीत बसतो.

यावरून कुणी म्हणाले, की केंद्र म्हणजे मुळात टोचणी, तेव्हा केंद्र सरकारने राज्यांना टोचणे साहजिकच, तर आपण त्याला थांबवू. मग इतर शब्दांच्या बाबतीत तसाच मुळाधारित युक्तिवाद का ऐकून घेतो? केंद्र सरकार या शब्दावर खरी चर्चा व्हायची तर ती आजच्या अर्थावर व्हावी. संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ आहे. तमिळनाडू सरकारने 2021 पासून मुद्दाम ‘संघ सरकार’ या अर्थाचा तमिळ शब्द वापरायला सुरुवात केली. त्यामागचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे, कारण केंद्र म्हटले की वर्तुळ डोळ्यांपुढे येते आणि राज्ये परिघावर जाऊन बसतात. हे चित्र आजच्या मराठी माणसाच्या मनात आहे, म्हणून ते महत्त्वाचे. दोन हजार वर्षांपूर्वीची पराणी त्या वादात आणायची गरज नाही.

मुळाला आपल्या सोयीचे वळण देण्याची खोड जुनीच आहे. ‘होरा’ हा शब्द ग्रीक ‘होरा’च, म्हणजे काळ, प्रहर, इंग्रजी अवर त्याच घरचा. सहाव्या शतकात वराहमिहिर बृहज्जातकात नोंदवतो, की काहींच्या मते ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गळून होरा झाला. व्युत्पत्ती सुबक आहे, खरी नाही. पण त्याच वराहमिहिराने बृहत्संहितेत म्हटले आहे, की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजले आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो. उसने घेतलेले उसने म्हणून सांगायला त्याला कमीपणा वाटला नाही. कालिदासाने कुमारसंभवात पार्वतीच्या लग्नाची तिथी सांगताना ‘जामित्र’ शब्द योजला आहे. जामित्र म्हणजे सातवे स्थान, लग्नाचे. आणि तो शब्द म्हणजे ग्रीक ‘डायामेट्रॉन’, व्यास, बरोबर समोरचे. शिवपार्वतीच्या लग्नात भूमितीतला एक यवन शब्द पाहुणा म्हणून आला होता आणि कुणी त्याला मांडवाबाहेर उभे केले नाही.

‘थिअरी’विषयी थोडक्यात. ग्रीक ‘थेओरिया’ म्हणजे पाहणे. नगराने उत्सवाला किंवा देवस्थानाला पाठवलेला प्रतिनिधी तो ‘थेओरॉस’. आज विज्ञानात थिअरी म्हणजे पुराव्यांनी तोललेली, भाकिते करू शकणारी मांडणी. आपल्या बोलण्यात मात्र थिअरी म्हणजे प्रॅक्टिकलच्या उलटे, नुसते कागदावरचे. म्हणून ‘उत्क्रांती ही फक्त थिअरी आहे’ हे वाक्य दोन अर्थांच्या फटीत उभे राहते. आपला ‘सिद्धांत’ शब्द त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला झुकतो, तो ऐकताच सगळे सिद्ध होऊन संपल्यासारखे वाटते. उत्क्रांतीला थिअरी म्हटले की पोरांना ती कच्ची वाटते, सिद्धांत म्हटले की शंका विचारायची भीती वाटते. शिक्षकाने दोन्ही शब्द फळ्यावर लिहून पाच मिनिटे द्यावीत.

कधी मूळ आठवणे हेच न्यायाचे असते. ‘हिस्टेरिया’ हे नाव गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून, ‘हिस्टेरा’वरून आले. बाईचे दुखणे, रडणे, संतापणे हे सगळे गर्भाशयाच्या खात्यावर टाकायची सोय त्या नावाने शतकानुशतके केली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतून ते निदान 1980 मध्ये गेले, पण आपल्या घरांतून गेले नाही. ‘तिला हिस्टेरिया झालाय’ असे कुणी म्हटले, की त्या शब्दाच्या पोटात काय आहे ते सांगायलाच हवे. कारण इथे जुना अर्थ मेलेला नाही, आजही तो माणसाला इजा करतो.

हे सारे करायचे तर साधन हवे, आणि ते मराठीत अपुरे आहे. ग्रीकसाठी लिडेल आणि स्कॉट यांचा कोश 1843 पासून आहे. त्यात शब्द कोणत्या लेखकाने कोणत्या अर्थाने वापरला ते सापडते. संस्कृतसाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 पासून ऐतिहासिक तत्त्वावरचा कोश चालू आहे, पिढ्या खपतील असे ते काम आहे. जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा 1999 चा कोश आहे. दाते-कर्व्यांच्या 1932 ते 1938 मधल्या सात खंडांत उताऱ्यांखाली ग्रंथांची नावे भेटतात. पण गेल्या दोनशे वर्षांत, म्हणजे शाळा, छापखाना, कायदा आणि विज्ञान मराठीत आले त्या काळात, केंद्र, ऊर्जा, अणू, सिद्धांत, रसायन, किमया या शब्दांचा अर्थ कोणत्या दशकात कसा वळला, हे सलग दाखवणारी नोंद आपल्याकडे नाही. नवी परिभाषा घडवायला आपण समित्या नेमतो. घडलेल्या परिभाषेचा इतिहास लिहायलाही नेमाव्यात. शंभर शब्द घेऊन सुरुवात केली तरी शिक्षकांच्या हाती काहीतरी येईल.

तोवर मी त्या मुलीसाठी वहीच्या एका पानावर अणूची नोंद लिहून तिला फोटो पाठवला. डेमॉक्रिटस, कणाद, डाल्टन, थॉमसन, नागपूरचे पुस्तक, भोपाळचे पुस्तक, प्रत्येकापुढे काळ. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, ‘मावशी, मग इलेक्ट्रॉनला मराठीत शब्द का नाही?’

मी कपाटातून आईची जुनी माळ काढली. तिच्यात पिवळसर राळेचा एक मणी आहे. लोकरीच्या शालीवर तो जोरजोरात घासला आणि कागदाच्या कपट्यांजवळ धरला. कपटे उडून मण्याला चिकटले. त्याची चित्रफीत तिला पाठवली आणि खाली लिहिले, की या राळेला ग्रीक लोक ‘एलेक्ट्रॉन’ म्हणत. 1600 मध्ये गिल्बर्ट या इंग्रज अभ्यासकाने या ओढीला त्यावरून नाव दिले. 1891 मध्ये स्टोनी या आयरिश शास्त्रज्ञाने विजेच्या सर्वांत लहान भागाला. आणि आपल्याकडे या मण्याला फार पूर्वीपासून तृणमणी म्हणतात, म्हणजे गवताच्या काड्या ओढून घेणारा मणी.